निरोगी हृदयं मोजणाऱ्या नलिनीताई

बराकपूरला छावणीच्या मागच्या अंगाला आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. बाबा लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी. साताऱ्याकडच्या एका हवालदाराच्या ओळखीने इकडे आले आणि इथलेच झाले. खोलीला एकच खिडकी होती. मी तिच्यात अभ्यासाला बसले की घरातला उजेड अडायचा, म्हणून आई तांदळाचं ताट घेऊन दारात जाऊन बसायची. बाबा चौथी शिकलेले, आई कशीबशी सही करायची. शाळेतून आलेला कागद मीच दोघांना वाचून दाखवायची, म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रारसुद्धा मीच वाचायची. त्यातून एक खोड लागली. मला एखादी गोष्ट आली नाही तर घरात विचारणार कुणाला? त्यामुळे विचारायचं असतं हेच मी शिकले नाही. सगळं येतं असा चेहरा करायचा आणि पुढे जायचं. तशीच पुढे जात जात मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घरांत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी अभिमानाने लिहिते आहे, त्यात लाज कसली?

नलिनीताई गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील. मी सकाळी दवाखान्याच्या नोंदींच्या खोलीत बसले होते. फोन वाजला, पलीकडे मिनतीदी. मिनतीदी म्हणजे आमच्या सोनोग्राफीच्या खोलीतल्या आया, बायकांना टेबलावर चढवणं-उतरवणं त्यांच्याकडे. त्या दिवशी त्या डमडमला, ताईंच्या घरी गेल्या होत्या. एरवी त्यांचं बोलणं थांबवावं लागतं. त्या दिवशी त्यांनी फक्त "दीदी नाही..." एवढंच म्हटलं आणि फोन तसाच चालू ठेवला. मीही कानाला धरून ठेवला. तिकडून पंख्याचा आवाज येत होता, खालून रिक्षाचा भोंगा, कुणीतरी चहाचे कप ठेवले... आम्ही दोघी किती तरी वेळ ते ऐकत राहिलो.

डॉक्टर नलिनीताई मूळच्या पुण्याच्या. यजमान बँकेत अधिकारी, त्यांच्या बदलीबरोबर कोलकात्याला आल्या. पुढे यजमान वारले, मुलगा परदेशी गेला, ताई मात्र इथेच राहिल्या. पोटातल्या बाळाचं हृदय सोनोग्राफीवर पाहणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडे नोंदी ठेवायला माणूस हवं आहे असं महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात आईला कुणीतरी सांगितलं, आणि मी माझी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी पिशवी उघडलीच नाही. "नाव काय तुझं? सारिका? बरं सारिका, एक सांग. सरासरी काढायची तर कुणाची काढायची?" मी पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. त्या हसल्या. "व्याख्या छान आहे गं. पण मी विचारलं, कुणाची?"

त्या प्रश्नातच त्यांचं पुढचं सगळं आयुष्य होतं, हे मला मागाहून कळलं. बाळाचं हृदय अमुक आठवड्याला केवढं असावं, याचे तक्ते असतात. आमच्या यंत्रात होता तो तक्ता दूरच्या देशातल्या बाळांवरून केलेला. आमच्याकडच्या बारीक चणीच्या बायका, त्यांची छोटी बाळं... त्यांचं हृदय त्या तक्त्यावर ठेवलं की काही वेळा उगाचच लहान दिसायचं. ताईंकडे एकदा एक बाई आली होती, तिला आधी कुठेतरी 'हृदय लहान वाटतंय' असं सांगून टाकलेलं. त्यानंतर ती तीन महिने रडत होती, पोटावरून हात फिरवायलाही भ्यायची. बाळ जन्मलं ते ठणठणीत. "तिला बाळ मिळालं," ताई म्हणायच्या, "पण ते तीन महिने तिला कोण परत देणार?" म्हणून त्यांना इथल्या बाळांचा तक्ता हवा होता. त्यासाठी आजारी हृदयं उपयोगाची नव्हती. सगळं सुरळीत असलेल्या बायकांची, निरोगी बाळांची हृदयं मोजायची होती. वीस आठवड्यांपासून छत्तिसापर्यंत, प्रत्येक आठवड्याला पुरेशी बाळं.

आणि निरोगी बाई कशाला येईल? मिनतीदी तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पोट भरलेल्याला पंगतीला बोलावताय, दीदी!" एकीच्या सासूने जिन्यातच अडवलं. जन्माआधी बाळाचं झबलं शिवत नाहीत, आणि तुम्ही काळजाचं माप घेणार? ताई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांच्या त्या पुणेरी बंगालीत म्हणाल्या, "माप तुमच्या नातवासाठी नाही हो. पुढच्या कुणाच्या तरी नातवासाठी. तुमचा चांगला आहे, म्हणून तर त्याच्याकडे मागायला आले." सासू विरघळली. मुलगा की मुलगी, हे मात्र कुणी आडून-आडून विचारलं तरी ताईंचा चेहरा हलायचा नाही. "मी फक्त हृदय बघते. ते दोघांचं सारखंच असतं."

ती खोली अजून माझ्या स्वप्नात येते. बाहेर भर दुपार, ट्रामची घंटा, आणि आत शिरलं की एकदम संध्याकाळ. जाड पडदे, थंड हवा, यंत्राच्या पडद्यावरचा करडा उजेड. त्या करड्यात आधी काहीच दिसत नाही. हिवाळ्यात बराकपूरच्या घाटावर धुकं असतं ना, पलीकडचा काठ आहे की नाही कळत नाही, तसं. मग त्या धुक्यात काहीतरी उघडतं, मिटतं... उघडतं, मिटतं. करवंदाएवढं. ताई बाईच्या पोटावर प्रोब टेकवून बसायच्या आणि पहिलं मिनिटभर काहीच मोजायच्या नाहीत. मला खूण करायच्या, पेन खाली ठेव. "आधी नुसतं बघायचं. कुणाच्या घरी गेल्या गेल्या भिंती मोजतो का आपण?" मग हळूच बोलायला लागायच्या. हे चार कप्पे. हे छातीच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसलंय बघ, टोक डावीकडे कललेलं. या दोन मोठ्या वाहिन्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. आणि वरच्या दोन कप्प्यांच्या मधे हे दार, पडद्यासारखं हलतंय ते. पोटात आहे तोवर उघडं, जन्मून पहिले श्वास घेतले की मिटायला लागेल. "आपल्या सगळ्यांच्यात होतं गं हे. आपल्याला आठवत नाही, एवढंच." टेबलावरची बाई कित्येकदा झोपून जायची. तिचा श्वास संथ, बाळाचं हृदय त्याच्या कितीतरी पटींनी वेगाने लुकलुकणारं, ताईंचा आवाज त्या दोन्हींच्या मधून चाललेला... मी आकडे लिहायची खरी, पण संध्याकाळी बराकपूरच्या गाडीत बसले की मिटल्या डोळ्यांपुढे तेच उघडणं-मिटणं चालू असायचं. घाटाचे दिवे दिसले तरी मला ते पाण्याखाली धडधडताहेत असं वाटायचं.

माझ्याकडे आणखी एक काम होतं, आणि तिथेच मी माती खाल्ली. बाळाचं वय ठरतं शेवटच्या पाळीच्या तारखेवरून. वय चुकलं की हृदयाचं माप कितीही काटेकोर घेतलं तरी फुकट. ज्यांच्याकडे सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद असायचा त्यांचा प्रश्न नव्हता. बाकीच्यांना मी तारीख विचारायची. बहुतेक जणी इंग्रजी तारीख सांगायच्या. पण गावाकडून आलेल्या काही बायका सांगायच्या, भाद्र महिन्याची पाच, आश्विनाची अकरा. मी मनात म्हणायची, त्यात काय, आपलेच महिने! घरी आमच्याकडे मराठी कॅलेंडर. बाबा दर वर्षी साताऱ्याहून मागवायचे, चतुर्थी-एकादशी त्यावर बघून आईचे उपास चालायचे. भाद्रची पाच म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी. अकरा म्हणजे एकादशी. सोळा म्हणजे वद्य प्रतिपदा. मी त्यावरून इंग्रजी तारीख काढायची आणि फॉर्मवर झोकात लिहायची. जन्म माझा बराकपूरचा, सगळं आयुष्य बंगालमध्ये गेलेलं, तरी मिनतीदींना एकदाही विचारलं नाही की बाई गं, तुमची पाच आणि आमची पंचमी एकच का? विचारलं असतं तर मला माहीत नाही हे कळलं असतं ना!

मग सोमा आली. खिदिरपूरची, गोदीत काम करणाऱ्याची बायको, पहिलटकरीण, सारखी हसणारी. मोजमाप झालं आणि ताईंच्या कपाळावर आठी आली. माझ्या तारखेच्या मानाने बाळ मोठं होतं, डोकं, मांडीचं हाड, आणि हृदयही. ताईंनी तिला निरोगी बाळांच्या यादीत घेतलं नाही. साखरेची तपासणी सांगितली आणि तोवर गोड बंद. घाबरायचं कारण नाही, असं चार वेळा सांगितलं. पण सोमाच्या डोक्यात एकच राहिलं, हृदय मोठं आहे. साखर बरोबर निघाली तरी ते गेलं नाही. सातव्या महिन्यात त्यांच्यात डोहाळजेवण करतात, 'शाध' म्हणतात. माहेरहून आलेली पायेश, म्हणजे तांदळाची खीर, समोर आली तर हिने वाटी उलटी ठेवली आणि रडायला लागली. हे मला मिनतीदींनी सांगितलं, त्यांची कुणी ओळखीची त्या गल्लीत होती.

त्याच आठवड्यात एका बाईने तारीख सांगितली, श्रावणाची एकतीस. मी लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. एकतीस? आपल्या महिन्याला अमावास्या तिसावी, पुढे काही नाहीच. मी म्हटलं, "तीस म्हणायचंय ना तुम्हाला?" ती म्हणाली, "एकतीस गो. दुसऱ्या दिवशी भाद्र लागला." मी उठून मिनतीदींकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा जे विचारायचं ते विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं मुली, आमचा महिना सूर्याचा! तुझ्या चंद्राबिंद्राशी त्याला काय?" त्यांचा भाद्र सुरू होतो त्यानंतर कधी आठवड्याने, कधी तीन-साडेतीन आठवड्यांनी आमचा भाद्रपद लागतो. म्हणजे त्या प्रत्येक बाळाला मी त्याच्या खऱ्या वयापेक्षा लहान लिहिलं होतं. सोमाचं बाळ मोठं नव्हतं. माझी तारीख उशिराची होती.

मी फॉर्म काढून बसले. अशा सतरा जणी निघाल्या. सोमासारख्या काही यादीबाहेर गेलेल्या, पण ज्यांच्यात आठवड्याचाच फरक होता त्या यादीत गुपचूप बसलेल्या. खोटं कशाला लिहू, मनात आलं की कुणाला कळणार नाही. नोकरी गेली तर बाबांना काय सांगायचं? 'आमची सारिका डॉक्टरांबरोबर संशोधन करते' हे ते मेसमधल्या जवानांना सांगत फिरायचे. दोन दिवस मी तो गठ्ठा टेबलाखाली पायाशी ठेवून काम केलं. ताई माप सांगत होत्या, मी लिहीत होते, आणि पडद्यावरचं ते उघडणं-मिटणं माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी शेवटची बाई गेल्यावर मी गठ्ठा ताईंच्या समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी गठ्ठा जवळ ओढला. पडदे उघडले नाहीत.

"किती जणी?"

"सतरा."

"पत्ते आहेत?"

"आहेत. ताई, चूक माझी आहे. मी..."

"प्रत्येक कागदावर खाली सही कुणाची आहे? वाच बरं." सही त्यांची होती. "मग. तू एकटीच कशी काय मोठी झालीस चूक करायला? चप्पल घाल, आधी खिदिरपूरला जाऊ."

फोन करता आला असता. त्या गेल्या. गोदीजवळच्या चिंचोळ्या गल्लीत, सोमाच्या घरी खाटेवर बसून, हात जोडून त्यांनी सांगितलं की तुझ्या बाळाचं हृदय त्याच्या वयाला अगदी शोभेल एवढंच आहे, हिशोब आमचा चुकला. सोमाची सासू कमरेवर हात ठेवून उभी. "एवढी मोठी डॉक्टर, आणि घरात एक पंजिका नाही?" पंजिका म्हणजे त्यांचं पंचांग. ताई म्हणाल्या, "नाही हो. तुमची जुनी असेल तर द्या." सासू आत गेली. आम्हाला वाटलं, आणायला गेली. ती आली ती पायेशची वाटी घेऊन, आणि सोमाच्या हातात दिली. "खा आता. मेलीने महिनाभर माझा जीव खाल्ला." सोमा रडत रडत खात होती, आणि ताई तिच्याकडे तसंच बघत होत्या, मोजण्याआधीचं ते मिनिटभर बघायच्या तसं.

परतताना टॅक्सीत मी म्हटलं, आता खऱ्या तारखा काढता येतील, दुरुस्त करून सतराही जणींना यादीत ठेवू. ताईंनी मान हलवली. "आठवून सांगितलेली तारीख, त्यात आपण एकदा केलेला घोळ. आता पुन्हा विचारलं तर आपल्याला सोयीचं तेच ऐकू येईल. नको. आणि यापुढे सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद नाही, तर नोंद नाही." मी आकडेमोड केली. तोवर नुसत्या सांगीव तारखेवर घेतलेल्या, इंग्रजी तारखेच्यासुद्धा, सगळ्याच नोंदी बाहेर जाणार होत्या. शेवटच्या आठवड्यांचे रकाने तर जवळजवळ रिकामेच. नऊ महिन्यांचं काम परत. ताई खिडकीबाहेर नदीवरची जहाजं बघत होत्या. "होईल गं," म्हणाल्या. स्वतःच्या आजाराचं त्यांना त्या वेळी कळलेलं होतं, हे मला पुढे चार महिन्यांनी समजलं. टॅक्सीत त्यांनी तो नियम केला तेव्हा आपल्याकडे किती वेळ आहे हे त्यांना ठाऊक होतं... हे आठवलं की अजून मला नीट बसता येत नाही.

थंडीत त्यांचं येणं कमी झालं. डॉक्टर अनिर्बाण, त्यांनीच तयार केलेले, मोजायला बसू लागले. मी दर शनिवारी डमडमला नोंदी दाखवायला जायची. खाटेवर उशांना टेकून त्या वाचायच्या, मधेच डोळे मिटायच्या, विमान डोक्यावरून गेलं की उघडायच्या. स्वप्नातून बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटायच्या, "डावीकडे कललंय ना टोक?... हां, मग बरोबर." शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "छत्तिसाव्याला किती राहिली?" त्यांच्याकडे बघून वाटलं, झालं म्हणावं. पूर्ण झालं ताई, झोपा. कुणाचं काय बिघडणार होतं? शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. मी म्हटलं, "अजून चार." त्यांनी माझा हात शोधला. "मला वाटलं, तू झालं म्हणशील." थोडं थांबून म्हणाल्या, "बाकीचं काय ते अनिर्बाण बघेल. नोंदींच्या वहीवर मात्र तूच बस." नंतर त्या झोपल्या. मी बसून राहिले, त्यांचा श्वास ऐकत. संथ होता, टेबलावर झोपून गेलेल्या त्या बायकांसारखा.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक बाई आली, छत्तिसावा चालू, सगळं छान, पण कागद गावी राहिलेला. आम्ही तिचं बाळ पाहिलं, उत्तम आहे म्हणून सांगितलं, आणि नोंद घेतली नाही. अनिर्बाणदांनी माझ्याकडे बघितलं, मी पेन खाली ठेवलेलं होतं. त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं. मग एकेक करून चार जणी आल्या, कागदासकट.

गेल्या मंगळवारी शेवटची नोंद झाली. आता इथल्या बाळांच्या हृदयाचा तक्ता तयार आहे. वीस आठवड्यांपासून छत्तिसाव्यापर्यंत एकही रकाना रिकामा नाही, आणि एकही तारीख अंदाजाने लिहिलेली नाही.